पांढरे ठिपके गारठ्यातून उगवत नाहीत

घरी मासे पाळणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पाणी गार झालं की माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आपोआप येतात. हे खरं नाही. प्रत्येक ठिपक्यात ‘इक्थिओफ्थिरियस’ हा एकपेशीय परजीवी असतो. तो बहुधा नव्या माशासोबत टाकीत शिरतो आणि त्याच्या पिल्लांना मासा मिळाला नाही तर ती काही दिवसांतच मरतात. गारठ्याने माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, एवढंच.

मासाही निमूट सोसत नाही! अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे नुसता चिकटा नव्हे. त्यातली ‘आयजीटी’ प्रतिपिंडं या परजीवीला नेमकी ओळखतात, हे रेनबो ट्राउटमध्ये २०१३ साली दिसलं. म्हणून मासा उगाच हाताळू नका, तो थर निघतो. नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.