ज्येष्ठांचा निवारा: घरकुल, वृद्धाश्रम आणि कलम १९ मधला ‘करता येईल’

महाराष्ट्रात कमी उत्पन्नाच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीने निवाऱ्यासाठी सरकारी मदत मागायचे ठरवले, तर तिला दोन निरनिराळ्या खात्यांचे दोन निरनिराळे दरवाजे ठोठवावे लागतात. एका दरवाजामागे घरकुल आहे आणि ते कुटुंबाला मिळते; दुसऱ्यामागे वृद्धाश्रमातली खाट आहे आणि ती व्यक्तीला मिळते. या दोन वाटा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी निघाल्या आणि त्या एकमेकींना क्वचितच मिळाल्या. आजच्या योजनांमधले बहुतेक गोंधळ या फाट्यापाशी सुरू होतात.

खाटेची वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या धनिकांनी काढलेल्या आश्रयस्थानांमध्ये म्हातारी माणसे राहत असत, पण वृद्ध म्हणून नव्हे. ‘अनाथ’, ‘पंगू’ किंवा ‘निराश्रित’ या सदरांखाली. वार्धक्य ही स्वतंत्र प्रशासकीय वर्गवारी नव्हती. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ ने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याची तरतूद मार्गदर्शक तत्त्व म्हणून केली, तीही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. प्रत्यक्षात मात्र रस्त्यावरच्या निराधार वृद्धाला सरकारी छत देणारा ठळक कायदा होता तो १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम. त्याच्या कलम १० नुसार अंध, अपंग किंवा कायमचा असहाय ठरलेल्या भिकाऱ्याला अनिश्चित काळ स्थानबद्ध ठेवता येते. छत होते, पण दाराला बाहेरून कडी होती. १९६३ पासून राज्याने स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्यास सुरुवात केली. त्यात प्रवेशासाठी पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांची अट होती. पुढे १९९५ मध्ये जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रत्येकी शंभर जणांच्या क्षमतेचे ‘मातोश्री’ वृद्धाश्रम उभारण्याची योजना आली. इमारतीसाठी पैसा सरकारचा आणि चालवणारी संस्था खासगी, काही जागा शुल्क भरणाऱ्यांना आणि काही निःशुल्क, असा तो आराखडा होता. इमारत उभी करणे आणि ती रोज चालवणे यांतले अंतर त्या योजनेने पहिल्यांदा ठळकपणे दाखवले, आणि ते पुढे मिटले असे म्हणवत नाही.

घरकुलाची वाट १९८५-८६ मध्ये ग्रामीण रोजगाराच्या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून निघाली. इंदिरा आवास योजना १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र झाली. या योजनेत हिस्से ठरलेले होते: अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान ६० टक्के, अपंगांसाठी ३ टक्के, पुढे अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के. वृद्धांसाठी टक्का नव्हता. म्हणूनच १९९९ च्या राष्ट्रीय धोरणातले एक वाक्य महत्त्वाचे ठरते. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी ज्येष्ठांचे वर्ष म्हणून पाळले होते आणि त्याच वर्षी केंद्राने ज्येष्ठ व्यक्तींविषयीचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. शहरी आणि ग्रामीण अल्प उत्पन्न गटांच्या गृहयोजनांमधली १० टक्के घरे किंवा भूखंड ज्येष्ठांसाठी राखून ठेवले जातील आणि यात इंदिरा आवास योजनाही येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आकडा होता, योजनेचे नावही होते. तरीही हे धोरण होते, कायदा नव्हता. आणि घरकुलाच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या राखीव हिश्श्यांच्या यादीत हा दहावा हिस्सा कधी उतरला नाही. आजही ज्येष्ठांच्या घरांविषयीच्या निवेदनांत या १० टक्क्यांचा उल्लेख केला जातो, जणू ते मंजूर होऊन कुठेतरी वाटेत अडकले आहेत.

टक्क्याऐवजी ज्येष्ठांच्या वाट्याला आला तो गुण. १ एप्रिल २०१६ पासून इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घेतली आणि लाभार्थी निवडीचा आधार झाला २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात पाहणी. या पाहणीत वंचिततेचे जे निकष होते, त्यांत ‘१६ ते ५९ वयोगटातील एकही प्रौढ व्यक्ती नसलेले कुटुंब’ हा एक होता. बेघर, त्यानंतर कच्च्या खोल्यांची संख्या आणि त्यानंतर हे निकष, अशा क्रमाने प्राधान्ययादी लागते. म्हणजे वृद्धत्व इथे थेट मोजलेच जात नाही. घरात कमावत्या वयाचे कोणी नाही, या उणिवेतून ते उलट्या बाजूने मोजले जाते. आणि ‘घरात’ म्हणजे काय, हे ठरते चुलीवरून. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, हा जनगणनेपासून चालत आलेला नियम आहे. पडवीत राहणारे आणि मुलाच्या चुलीवर जेवणारे आईवडील मुलाच्या कुटुंबात मोजले जातात, आणि मुलगा चाळिशीतला असल्यामुळे त्यांचा गुण जातो. त्याच पडवीत त्यांनी आपली चूल वेगळी मांडली की ते स्वतंत्र कुटुंब होतात. ज्या म्हाताऱ्या माणसांना निदान दोन वेळचे जेवण मुलाकडे मिळते, ती यादीत खाली जातात. निकष करणाऱ्यांचा हेतू सर्वांत एकाकी माणसापर्यंत आधी पोहोचण्याचा होता, हे मान्य करूनही, पडवी हा निवारा आहे की तात्पुरती सोय, हा प्रश्न चुलीने सुटत नाही.

या ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात आणि घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. सत्तरीतल्या एकट्या बाईने पायाचे खोदकाम, गवंडी आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र हे सारे जमवायचे कसे, याचा विचार योजनेच्या आराखड्यात केलेला आहे. अतिवृद्ध, दुर्बळ किंवा अपंग लाभार्थ्याचे घर राज्याने गवंडी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमातून बांधून द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ही तरतूद फार कमी जणांना ठाऊक असते, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवली. जागाच नसलेल्यांसाठी राज्याने जागा खरेदीला साहाय्य देणारी वेगळी योजना आणली, कारण गावठाणात नावावर जागा नसेल तर मंजूर घरकुलही कागदावर राहते, आणि वाटणीनंतर ती जागा बहुधा मुलांच्या नावावर गेलेली असते.

आता ज्या शब्दाभोवती सर्वाधिक वाद झाला त्याकडे येऊ. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा केंद्रीय अधिनियम २००७ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. राज्याचे नियम २०१० मध्ये आले. या अधिनियमाची ख्याती मुलांकडून निर्वाह मिळवून देणारा कायदा अशी आहे आणि त्याचा बहुतेक वापरही त्यासाठीच होतो. निवाऱ्याच्या दृष्टीने मात्र कलम १९ महत्त्वाचे आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक याप्रमाणे सुरुवात करून, किमान १५० निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय होईल असे वृद्धाश्रम, सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी आणि टप्प्याटप्प्याने राज्य शासनाला स्थापन ‘करता येतील’, असा त्याचा आशय आहे. मराठी कायदेभाषेत ‘शासन करील’ आणि ‘शासनाला करता येईल’ या दोन रचनांमध्ये कर्तव्य आणि मुभा एवढे अंतर असते, आणि कलम १९ मुभेच्या बाजूला आहे.

एक वाचन असे की इथे बंधन नाहीच. ‘आवश्यक वाटतील तितके’ आणि ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दांनी संसदेने राज्यांना त्यांच्या तिजोरीप्रमाणे चालण्याची मोकळीक दिली, आणि सामाजिक कल्याणाचा खर्च राज्यांनी करायचा असल्याने दुसरे काही करणे केंद्राला अवघडच होते. दुसरे वाचन असे की ‘करता येईल’ हे क्रियापद वृद्धाश्रमांच्या एकूण संख्येला लागू आहे. ‘प्रत्येक जिल्ह्यात निदान एक’ हा किमान आकडा मात्र त्या मोकळिकीच्या बाहेर आहे, कारण किमान सांगून ते ऐच्छिक ठेवणे म्हणजे ते न सांगण्यासारखेच होईल. प्रस्तुत लेखकाला दुसरे वाचन कायद्याच्या हेतूला जास्त धरून वाटते, पण पहिले शब्दांना जास्त धरून आहे हे नाकारता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठांच्या हक्कांविषयीच्या एका जनहित याचिकेत प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांच्या संख्येची माहिती राज्यांकडून मिळवण्याचे निर्देश केंद्राला दिले. कायदा होऊन ११ वर्षे झाल्यावरही आधी मोजणीपासून सुरुवात करावी लागली, यावरून ‘टप्प्याटप्प्याने’चा वेग समजतो.

याच कलमात आणखी एक गाठ आहे. ‘निर्धन’ म्हणजे स्वतःच्या निर्वाहाइतके साधन नसलेला ज्येष्ठ नागरिक, आणि किती साधन म्हणजे पुरेसे हे वेळोवेळी राज्याने ठरवायचे. महाराष्ट्रात त्यामुळे शब्द आणि आकडे यांची चांगलीच सरमिसळ झाली. श्रावणबाळ योजनेतील निवृत्तिवेतनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये राहिली, तर शहरी घरकुलासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची मर्यादा ३ लाख रुपये धरली गेली. श्रावणबाळसाठी वय ६५ लागते, २००७ च्या अधिनियमासाठी ६० पुरते, आणि राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाने २०१८ मध्ये ६५ वरून ६० वर येण्याचा निर्णय घेतला तरी सगळ्या योजना त्याच्यामागून गेल्या नाहीत. ६२ वर्षांचा विधुर एका कार्यालयात ज्येष्ठ असतो आणि शेजारच्या कार्यालयात नसतो; ‘निराधार’, ‘निर्धन’, ‘गरजू’ आणि ‘दुर्बल’ हे शब्द बोलताना समानार्थी वाटले तरी दाखले प्रत्येकाचे निराळे लागतात.

कलम १९ जिथे थबकले, तिथे कलम २३ ने जागा घेतली. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला किंवा नातलगाला दिलेली मालमत्ता, त्याने सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाला रद्दबातल ठरवता येते. हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि तिथे मुंबई-पुण्यातली एका खोलीची बक्षीसपत्रे मोठ्या अटीतटीने लढवली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुनेच्या सामाईक घरात राहण्याच्या हक्काकडे दुर्लक्ष करून तिला बाहेर काढता येणार नाही असे म्हटले. २०२२ मध्ये सांभाळण्याची अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे असे ठरवले. आणि जानेवारी २०२५ मध्ये कायद्याचा कल्याणकारी हेतू पुढे ठेवून न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचाही आदेश देता येतो असे स्पष्ट केले. ज्याच्याकडे घर होते त्याला ते परत मिळवून देण्याचा हा इतिहास आहे, आणि गेल्या दहा वर्षांत ज्येष्ठांच्या निवाऱ्याविषयीची बहुतेक चर्चा त्यानेच व्यापली. ज्याच्याकडे कधीच घर नव्हते, तो या निकालपत्रांत भेटत नाही.

शहरात तो भेटतो भाड्याच्या खोलीत, नातलगाकडे किंवा पदपथावर. २०१५ पासूनच्या शहरी आवास योजनेत ज्येष्ठांना प्राधान्य आणि शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला देण्याची सूचना होती, पण तिचा एक मोठा भाग व्याज अनुदानाचा होता, आणि गृहकर्जाची मुदत अर्जदाराच्या वयाबरोबर आखडत जाते. बांधून मिळणाऱ्या घरातही लाभार्थ्याचा हिस्सा अनेक लाखांचा असतो. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या घरांचे उदाहरण वयाच्या हिशेबाने पाहण्यासारखे आहे: संप १९८२ चा, घरांची पहिली सोडत २०१२ ची, म्हणजे संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार सोडतीला साठीत पोहोचला होता, आणि पुष्कळ अर्ज वारसांच्या नावाने आले. ती योजना वृद्धांसाठी आखलेली नव्हती. विलंबाने ती वृद्धांची झाली. बेघरांसाठी २०१३ पासूनच्या शहरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा असे प्रमाण ठरले आणि वृद्धांसाठी वेगळे निवारे करण्याची मुभाही आली. इथेही मुभाच.

अलीकडच्या घडामोडी वेगाने आल्या आहेत. वृद्धाश्रमांना अनुदान देणारा केंद्राचा १९९२ पासूनचा कार्यक्रम २०२१ मध्ये अटल वयो अभ्युदय योजनेत सामावला गेला. २००७ च्या अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले; त्यात निर्वाहाची दरमहा १० हजारांची कमाल मर्यादा काढण्याचा आणि जावई-सुनेला ‘अपत्य’ या व्याख्येत घेण्याचा प्रस्ताव होता, आणि वर्तमानपत्रांत गाजले ते हेच दोन मुद्दे. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. त्याच वर्षी राज्यात निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना रॅम्प, रुंद दारे, उद्वाहन आणि न घसरणारी फरशी यांविषयीचे आदर्श नियम लागू झाले, परंतु ते विकत घेण्याच्या सदनिकांसाठी आहेत. शहरी आवास योजनेच्या २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आला, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा वेगळा उल्लेख झाला. घरकुल आणि खाट यांच्या मधली जागा, म्हणजे भाड्याची खोली, सरकारी कागदावर यायला एवढा काळ लागला. आधीच भाड्याने राहत असलेल्या गरीब वृद्धाच्या घरभाड्याला दरमहा थेट हातभार लावणारी योजना मात्र राज्यात झालेली नाही. श्रावणबाळचे दरमहा १,५०० रुपये त्याने भाड्याला द्यावेत की औषधाला, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.