विणलेले इकत आणि छापलेले इकत: कापड बेतण्यापूर्वी

मुंबईत मंगळदास मार्केटच्या गल्ल्यांत किंवा दादरला हिंदमाताच्या दुकानांत ‘इकत दाखवा’ म्हटले की समोर येणाऱ्या गठ्ठ्यांत दोन अगदी वेगळी कापडे शेजारीशेजारी असतात. एकात नक्षी विणण्याआधीच सुतात रंगवलेली असते, तर दुसऱ्यात ती विणून तयार झालेल्या कापडावर छापलेली असते. दोन पावलांवरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण छपाईत इकतच्या कडांची ती विशिष्ट थरथरही हुबेहूब उतरवलेली असते. नुसत्या किमतीचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. पण घरी पिशव्या, उशांचे अभ्रे किंवा कुर्ते शिवणाऱ्याला हा फरक कापड बेतताना, शिवताना आणि पुढे धुताना दर टप्प्यावर भेटतो.

विणलेल्या इकतमध्ये ताण्याचे (उभे) किंवा बाण्याचे (आडवे) सूत ताणून धरले जाते, नक्षीच्या आराखड्याप्रमाणे त्यावर ठरावीक जागी घट्ट गाठी बांधल्या जातात आणि मगच ते रंगात बुडवले जाते. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. जितके रंग, तितक्या वेळा बांधणे, सोडणे आणि पुन्हा बुडवणे आले. मुंबईच्या बाजारात येणारे सुती इकत बरेचसे तेलंगणातल्या पोचमपल्ली भागाच्या नावाने विकले जाते. १९५१ साली विनोबांना भूदानाचे पहिले दान मिळाले ते हेच पोचमपल्ली. ओडिशाचे संबलपुरी कापडही याच रीतीने तयार होते. गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्यात तर ताणा आणि बाणा दोन्ही असे बांधून रंगवतात आणि विणताना दोहोंची नक्षी एकमेकींवर नेमकी बसवतात. ते रेशमी वस्त्र पिशव्यांसाठी कोणी कापू नये, असे मला मनापासून वाटते.

मागावर चढलेले रंगीत धागे विणताना एकमेकांच्या तुलनेत किंचित मागेपुढे सरकतात, आणि इकतच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या दिसतात त्या यामुळेच. हे सरकणे धाग्याच्या दिशेनेच होऊ शकते. म्हणून ताण्यात नक्षी असेल तर कडा उभ्या दिशेने विस्कटतात, बाण्यात असेल तर आडव्या दिशेने. दोन्ही दिशांना विस्कटलेल्या कडा दुहेरी इकतमध्येच, म्हणजे पटोळ्यासारखे ताणा आणि बाणा दोन्ही रंगवलेल्या कापडातच, असू शकतात, आणि ते साध्या सुती थानात क्वचित मिळते. छपाईच्या कापडात कलाकाराने ही विस्कट चारी बाजूंनी सारखीच काढलेली पुष्कळदा दिसते. शिवाय छापील नक्षीतला एखादा वेडावाकडा दात पुढच्या आवर्तनात जसाच्या तसा परत येतो. विणलेल्या कापडात एकाच फुलाची दोन आवर्तने तंतोतंत सारखी नसतात.

ओळखण्याच्या दोन खुणा सर्रास सांगितल्या जातात, पण त्या पुऱ्या पडत नाहीत. कापडाच्या काठाला बारीक भोके असली की ते हातमागाचे, असे म्हणतात. मात्र यंत्रमागावर कापड ताणून धरणाऱ्या साधनामुळेही तशी भोके पडतात, आणि गिरणीत छपाईनंतर कापड ताणून वाळवतानाही काठाला टाचण्यांच्या खुणा राहतात. दुसरी खूण म्हणजे उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच गडद असणे. जाड कापडाला ती बऱ्यापैकी लागू पडते. मलमलीसारख्या पातळ कापडात मात्र छपाईचा रंगही आरपार उतरतो, आणि खूण फसते.

भरवशाची परीक्षा धाग्याची. कापलेल्या कडेची दोन बोटे रुंद कतरण मागून घ्यावी, तिच्यातून एक आडवा आणि एक उभा असे दोन धागे ओढून काढावे आणि पांढऱ्या कागदावर सरळ ठेवावे. विणलेल्या इकतमध्ये दोहोंपैकी किमान एका धाग्यावर रंगाचे लांब पट्टे असतात: काही अंतर लाल, मग काही अंतर कोरे, मग पुन्हा लाल. धागा बोटांत फिरवून पाहिला तरी रंग सगळ्या बाजूंनी सारखा असतो. छापील कापडाच्या धाग्यावर रंग बहुधा एकाच अंगाला असतो, आणि जिथे आडवा धागा त्याच्यावरून गेला होता तिथे बारीक बारीक कोरे ठिपके ओळीने दिसतात. दोन्ही धागे काढायचे ते अशासाठी, की नक्षी फक्त ताण्यात असलेल्या कापडाचा बाणा साधा एकरंगी असतो, आणि तेवढाच धागा पाहिला तर खरे इकतही खोटे ठरेल. या परीक्षेने नक्षी सुतातली आहे एवढेच कळते. कापड हातमागाचे आहे का, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी केंद्र सरकारने २००६ साली सुरू केलेल्या हॅण्डलूम मार्कचे लेबल पाहावे.

आता बेतण्याकडे वळू. विणलेल्या इकतमध्ये नक्षी आणि धागा ही एकच गोष्ट असल्यामुळे कापड तिरके झाले असेल, तर धुतल्यावर ओलसर असताना विरुद्ध कोपऱ्यांना धरून ओढले की धागा सरळ होतो आणि त्याच्याबरोबर नक्षीही सरळ होते. छापील कापडात छपाईच्या वेळी कापड किंचित तिरके गेले असेल, तर धागा सरळ केला की नक्षी वाकडी, आणि नक्षी सरळ धरली की धागा वाकडा. म्हणून विकत घेण्यापूर्वीच आडवा धागा काठापासून काठापर्यंत नजरेने पकडून नक्षीची ओळ त्याच्याशी समांतर जाते का, ते पाहावे. पूर्ण पन्ह्यात अर्ध्या इंचापेक्षा जास्त तफावत असेल तर कुर्त्यासाठी ते कापड घेऊ नये, कारण नक्षीप्रमाणे बेतलेला कुर्ता काही धुण्यांनंतर अंगावर पिळवटतो. अभ्र्याला किंवा अस्तर लावलेल्या पिशवीला थोडी तफावत चालून जाते. तिथे नक्षीकडे पाहून बेतावे.

नक्षी जुळवण्याच्या कामात मात्र छापील कापड सोपे पडते. त्याचे आवर्तन ठरावीक मापाचे असते, त्यामुळे एकदा माप घेतले की पट्टीने खुणा करून पुढचे सगळे भाग बेतता येतात. विणलेल्या इकतमध्ये एकेका आवर्तनाची लांबी थोडी कमीजास्त होते, आणि पट्टीवर विश्वास ठेवला तर कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीवर खालपर्यंत येताना फुले एकमेकांना चुकवू लागतात. तिथे दर फुलाला टाचणी लावून, डोळ्यांनी जुळवत जाण्याला पर्याय नाही. वेळ लागतो खरा, पण जुळलेली शिवण दिसेनाशी होते आणि त्याचे समाधान मोठे असते.

हातमागाची वीण बरीचदा सैल असते, म्हणून कापल्यावर दशा लवकर सुटतात आणि पहिल्या पाण्यात कापड आटतेही. धुण्यापूर्वी कापलेल्या कडांना झिगझॅग मारून घ्यावी, गार पाण्यात कापड एकटेच भिजवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज खरा नाही. जास्तीचा सुटा रंग धुऊनच काढावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओले लाल इकत घडी करून ठेवू नये, कारण वाळायला उशीर होतो आणि लाल रंग शेजारच्या कोऱ्या नक्षीत उतरतो. १६ इंची उशीचा अभ्रा छापील कापडाचा असेल तर अर्धा इंच शिवणीसाठी धरून १७ इंचांचा चौकोन पुरतो; विणलेल्या इकतसाठी मी पाऊण इंच धरते, म्हणजे साडेसतरा इंच, आणि दुहेरी मोडून, कापलेली कड आत झाकणारी फ्रेंच शिवण घालते.

पिशवीचा विचार वेगळा करावा लागतो. डबा, बाटली आणि छत्री घेऊन लोकलच्या गर्दीतून जाणाऱ्या पिशवीला घासणे आणि ओढणे दोन्ही सोसावे लागते. रंगद्रव्याने छापलेल्या कापडात रंग पृष्ठभागावर बसलेला असतो, त्यामुळे बंदांच्या घड्या आणि तळाचे कोपरे लवकर पांढरट पडतात. सुतात मुरलेला रंग फिका झाला तरी सगळीकडे सारखा होत जातो. म्हणून बंद विणलेल्या इकतचे करावे, तेही ताण्याच्या दिशेने कापून आणि चौपदरी मोडून, आणि पिशवीला जोडताना चौकोनात फुलीची शिलाई मारावी. सैल विणीला आधार म्हणून चिकट बकरम (इस्त्रीने चिकटणारे ताठ कापड) लावायचे असेल तर कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच लावावे. न धुतलेल्या कापडाला लावले तर पहिल्या धुण्यात कापड आटते, बकरम आटत नाही आणि पिशवीच्या अंगावर फुगे येतात. तळाला आतून कॅनव्हास लावावा आणि शिवताना मशीनला १६ नंबरची सुई घ्यावी.

दोन्ही कापडे एकाच वस्तूत वापरायलाही हरकत नाही. समोरचा भाग विणलेल्या इकतचा आणि पाठ छापील कापडाची असा अभ्रा स्वस्त पडतो आणि दिसतोही चांगला. फक्त दोन्ही कापडे शिवण्याआधी वेगवेगळी धुऊन घ्यावी, आणि छापील बाजूला इस्त्री उलटीकडूनच फिरवावी.