बस्तरमधल्या शाळांच्या छावण्या कशा झाल्या

छत्तीसगडमधल्या दक्षिण बस्तरच्या अनेक गावांत 2005 सालापर्यंत सिमेंटची इमारत एकच होती, ती शाळेची. बाकी सगळी घरं माती-कुडाची. शाळेला जाड भिंती, वर स्लॅबची सपाट गच्ची, पुढे मोकळं पटांगण आणि जवळ हातपंप. मुलांच्या सोयीसाठी जे जे बांधलं, ते सगळं मुक्कामाला आलेल्या सशस्त्र तुकडीलाही हवंच असतं.

जून 2005 मध्ये सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याने नक्षलवाद्यांविरुद्ध उभी केलेली हत्यारबंद मोहीम, सुरू झाली. तेव्हा बिजापूर आणि सुकमा हे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मुलूख दंतेवाड्यातच होता. गावं उठवून लोकांना दोरनापाल, कोंटा अशा रस्त्यालगतच्या छावण्यांत आणलं गेलं. 644 गावं रिकामी झाल्याचा आकडा तेव्हापासून सगळीकडे दिला जातो. पाठोपाठ निमलष्करी दलाच्या तुकड्या आल्या आणि राहायला जागा नाही म्हणून शाळांत, आश्रमशाळांत, वसतिगृहांत उतरल्या. गच्चीवर वाळूच्या पोत्यांचा मोर्चा, पटांगणाला काटेरी तार, आणि आत भिंतीवर रंगवलेल्या बाराखडीला टेकवलेल्या बंदुका. काही ठिकाणी अर्ध्या खोल्यांत जवान आणि उरलेल्या अर्ध्यांत वर्ग चालले.

नक्षलवाद्यांनी शाळा उडवायला सुरुवात केली ती हेच कारण सांगून: इथे पोलीस उतरतात. कारण खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. पोलीस कधी फिरकले नव्हते अशा इमारतीही सुरुंगाने पाडल्या गेल्या. झारखंड-बिहारमध्येही तेच घडलं. पुढे कधी पोलीस येतील म्हणून आजची शाळा पाडणं याला कुठल्याही तर्काने बचाव म्हणता येत नाही. तरीही क्रम विसरून चालणार नाही. शाळेत बंदूक आधी शिरली ती सरकारी परवानगीने.

खरं तर कायदा जुना आणि स्पष्ट होता. स्थावर मालमत्ता अधिग्रहणाच्या 1952 च्या केंद्रीय कायद्यात शाळा, रुग्णालय, सार्वजनिक वाचनालय आणि अनाथालय अधिग्रहित करता येत नाही असं लिहिलेलं आहे. युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियमही शाळेला नागरी वास्तूच मानतात आणि शंका असेल तर ती शाळेच्या बाजूने सोडवायला सांगतात. पण हे नियम लागू व्हायला आधी 'सशस्त्र संघर्ष' आहे हे मान्य करावं लागतं, आणि सगळं घोडं याच शब्दापाशी अडतं.

भारत सरकारने मध्य भारतातल्या हिंसेला सशस्त्र संघर्ष म्हणायला कायम नकार दिला आहे. सरकारच्या मते हा अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न आहे. 2010 मध्ये बालहक्कांसाठीच्या एका सरकारी यंत्रणेने मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हाही शब्द निवडला तो 'नागरी अशांतता'. गडचिरोलीतल्या शिक्षकाला यातला कुठलाच शब्द लागत नाही. त्याच्या पगारपत्रकात नक्षलग्रस्त भागाची 'एकस्तर', म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी असते. म्हणजे पगाराच्या हिशेबात धोका मान्य, आणि जागतिक मंचावर त्याला नावच नाही. शाळांच्या रक्षणासाठी 2015 मध्ये ओस्लोत जो जाहीरनामा पुढे आला, त्याला शंभरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. भारताने दिला नाही. मुलं आणि सशस्त्र संघर्ष या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालात भारताचं नाव अनेक वर्षं येत राहिलं आणि 2023 मध्ये ते वगळलं गेलं. शब्दाची ही लढाई सरकारने जिंकली असं म्हणावं लागेल. पण शब्द मान्य नाही म्हणून स्लॅबखालच्या मुलाचा धोका एका विटेनेही कमी झाला नाही.

देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला मात्र या शब्दाची गरज पडली नाही. 1 सप्टेंबर 2010 चा आदेश आला तो एका वेगळ्याच प्रकरणात: मणिपूर आणि आसाममधून तमिळनाडूच्या बालगृहांत नेलेल्या मुलांच्या. त्यात शाळा आणि वसतिगृहं यापुढे कोणत्याही कारणासाठी सुरक्षा दलांना देऊ नयेत असं म्हटलं होतं. सलवा जुडूमविरुद्धची छत्तीसगडबाबतची याचिका त्याच न्यायालयात 2007 पासून सुरू होतीच. जानेवारी 2011 मध्ये तिथल्या शाळा चार महिन्यांत रिकाम्या करायला सांगितलं गेलं.

याच याचिकेवरचा 5 जुलै 2011 चा निकाल सगळ्यांना आठवतो तो विशेष पोलीस अधिकारी, म्हणजे नक्षलवाद्यांविरुद्ध भरती केलेले स्थानिक तरुण, बरखास्त करणारा म्हणून. त्यातला शाळांचा भाग फारसा कोणी वाचत नाही. सगळ्या शाळा मोकळ्या झाल्या असं राज्याने आधी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं. सुनावणीत ते चुकीचं निघालं. बऱ्याच शाळांत दलं अजून होती, आणि न्यायालयाने बडगा उगारल्यावरच त्या मोकळ्या व्हायला लागल्या. शाळा मोकळी आहे की नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

दरम्यान मुलं गेली ती 'पोटा केबिन'मध्ये. पोर्टेबलचं तोंडी रूप ते हेच. बांबू आणि प्लायच्या भिंती, एकेका ठिकाणी 500 मुलांची निवासी सोय, तीही रस्त्याजवळ. सुरुंगाने पाडावं असं त्यात काही नव्हतं आणि तुकडीने मुक्काम करावा असंही नव्हतं. शिकण्याची सोय झाली खरी, पण सहा-सात वर्षांचं मूल आईपासून दूर राहिलं आणि गावातली शाळा कागदावरूनही पुसली गेली.

जून 2022 मध्ये राज्याने सुमारे 15 वर्षं बंद असलेल्या 260 शाळा पुन्हा सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्यातल्या 158 बिजापूरमध्ये आणि 97 सुकमामध्ये. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतः लाकूड तोडून मांडव घातला, आणि गावातलीच शिकलेली मुलं 'शिक्षादूत' म्हणून शिकवायला उभी राहिली. 2025 मध्ये यातल्या काही शिक्षादूतांना नक्षलवाद्यांनी खबरे ठरवून मारलं. आता पाडायला इमारत नव्हती, शिकवणारा होता.

आता सुकमाच्या आतल्या भागात काही ठिकाणी नवीनच क्रम दिसतो: आधी सुरक्षा दलाची छावणी उभी राहते, मग तिच्या शेजारी शाळा, आणि कुठे कुठे तिथे जवानच शिकवतात. गावाला शाळा हवी आहे, त्यामुळे तक्रार कोणी करत नाही. 2010 चा आदेश इमारतीत राहू नका एवढंच सांगतो. छावणी शाळेपासून किती लांब असावी, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.