पडलेला उमेदवार आणि सांगलीची महापालिका: पार्श्वभूमी

सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेतल्या मागच्या सदस्यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. पुढचं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास अडीच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. या काळात २०१८ ला निवडून आलेला आणि २०१८ ला पडलेला, दोघंही सारखेच 'माजी' झाले. तुंबलेल्या गटारीचा अर्ज घेऊन दोघांनाही एकाच टेबलापुढे उभं राहावं लागे. पाच वर्षं सभागृहाबाहेरून पाठपुरावा केलेल्याला ते टेबल आधीपासून ठाऊक होतं. हरल्यावर शहराच्या कामात कसं राहायचं, हे समजून घ्यायला हाच काळ पाहावा.

१९९८ मध्ये तिन्ही गावांची मिळून महापालिका झाली, त्याआधीच्या नगरपालिकांचे वॉर्ड लहान होते. पडलेला माणूस आपल्याच पेठेत राहायचा आणि लोक त्याच्याकडे जायचे. २०१८ ला चित्र पालटलं. ७८ जागांसाठी २० प्रभाग, बहुतेक चार सदस्यांचे. एका मतदाराने चार मतं द्यायची आणि नंतर काम कोणाला सांगायचं हे त्याला कळत नाही. चौघांतला प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. म्हणून खणभाग असो की शामरावनगर, गल्लीतला ओळखीचा माणूस पडला असला तरी पहिला फोन त्यालाच जातो. माझ्या मते चार सदस्यांच्या पद्धतीने पडलेल्यांचं महत्त्व कमी न होता वाढलंच.

त्यातच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. पंचनाम्यातून सुटलेली घरं, अनुदानाच्या यादीत नसलेले भाडेकरू, हे प्रश्न वर्षभर चालतात. गुंठेवारीही तशीच, म्हणजे गुंठा-दोन गुंठ्यांच्या विनापरवाना भूखंडांवरची बांधकामं नियमित करून घेणं: कायदा २००१ चा, त्यातली मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, आणि कागदपत्रं जुळवून देणारा माणूस लागतोच. तो नगरसेवक असलाच पाहिजे असं नाही.

आता वादाचा मुद्दा, स्वीकृत सदस्यांचा, म्हणजे मतदानाने निवडून न येता नेमणुकीने सभागृहात घेतलेल्यांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांना सभागृहात घेण्याची मुभा दिली. राज्याच्या कायद्यात महापालिकेसाठी अशा पाच जागा होत्या. २०२३ मध्ये ही मर्यादा वाढवून निवडून आलेल्या सदस्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांपैकी जे कमी असेल ते, अशी केली गेली. स्वीकृत सदस्याला बोलता येतं, मत देता येत नाही. महापौर किंवा समितीचा सभापती होता येत नाही. पात्रतेच्या नियमांत डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल, शिक्षणतज्ज्ञ, पालिकेतले निवृत्त अधिकारी आहेत. याच यादीत समाजकार्य करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा पदाधिकारीही आहे, आणि सगळी गर्दी त्या दारातून आत येते. आयुक्त पात्रता तपासतात, पण नावं गटनेत्यांकडून आलेली असतात आणि जागांची वाटणी गटांच्या संख्याबळावर होते.

पडलेल्या उमेदवाराला स्वीकृत होण्यास बंदी नाही. बाजू घेणारे म्हणतात, हजारो मतं मिळवलेल्याचा अनुभव वाया का घालवायचा? हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. तरी मला ते पटत नाही. प्रभागाने ज्याला नको म्हटलं त्यालाच गटाच्या बळावर आत बसवलं, तर त्या मतदानाचा मान राहत नाही. शिवाय पूररेषा समजणारा अभियंता किंवा शेरीनाल्याच्या पाण्यावर बोलू शकणारा जाणकार बाहेर राहतो. कृष्णेत मिसळणारं ते सांडपाणी इतकी वर्षं चर्चेत असलेल्या शहरात हा तोटा मोठा आहे. जागा वाढवताना संस्थेच्या पदाधिकाऱ्याची अट कडक करायला हवी होती.

सभागृहाबाहेर राहूनही बरंच करता येतं. महासभा सहसा नागरिकांना खुली असते. विकास आराखड्यावर आणि प्रभागरचनेच्या प्रारूपावर हरकती घेता येतात, सुनावणीत बोलता येतं. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात. मात्र उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला पाहिजे. पडलो म्हणून तो टाळणाऱ्याची पुढची निवडणूकही हातची जाऊ शकते.

सगळ्यात दुर्लक्षित आहे ती प्रभाग समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात त्या भागातल्या सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. त्यांचं नाव त्या भागातल्या मतदार यादीत असावं लागतं. नव्या सभागृहात या समित्या बसतील तेव्हा संस्थांचे अर्ज आधीच तयार हवेत. नोंदणीचे आणि मागच्या कामाचे कागद जमवायलाच काही महिने जातात.