चर्चिलवरचा वाद इतका जुना कसा?

ऑक्टोबर १८९६. चौथ्या हुसार्स पलटणीतला २१ वर्षांचा एक अधिकारी मुंबईत ससून डॉकला छोट्या होडीतून उतरत होता. लाटांवर होडी चांगली चार-पाच फूट वरखाली होत होती. त्याने धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यात होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा खांदा त्याला जन्मभर पुरला. दोन वर्षांनी सुदानमध्ये ओम्दुरमानच्या लढाईत त्याने तलवारीऐवजी पिस्तूल हातात घेतलं ते त्यामुळेच.

मग थोडे दिवस पुण्याची छावणी आणि पुढे बंगळूर. पोलो, गुलाबाची बाग, आईने विलायतेहून धाडलेले इतिहासाचे जाडजूड ग्रंथ. त्याच हिवाळ्यात मुंबईत प्लेग पसरत होता आणि दख्खनेत दुष्काळ पडला होता. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिलने भारत सोडला आणि नंतरच्या ६६ वर्षांच्या आयुष्यात तो इथे फिरकला नाही. हिंदुस्थान म्हणजे काय, याबद्दल पुढची पाच दशकं तो जे छातीठोकपणे बोलत राहिला, ते कॅन्टोन्मेंट आणि वायव्य सरहद्दीवरच्या या तुटपुंज्या शिदोरीवर.

जून २०२० मध्ये लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधल्या त्याच्या पुतळ्यावर कुणीतरी रंगाने ‘वंशवादी’ असं लिहिलं, आणि काही दिवसांसाठी तो पुतळा पेटीत झाकून ठेवावा लागला. तेव्हापासून अनेकांचा समज असा झाला आहे की चर्चिलवरचा वाद हे हल्लीच्या पिढीचं खूळ आहे. तसं नाही. त्याच्यावर टीका करणारे त्याच्या हयातीतच भरपूर होते, आणि त्यातले बरेच त्याच्याच पक्षातले होते.

१९४० आधीचा चर्चिल हा बहुतेकांच्या लेखी वाया गेलेला हुशार माणूस होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानविरुद्धची १९१५ ची गॅलिपोलीची मोहीम त्याच्या आग्रहाची, आणि ती सपशेल फसली. १९१० मध्ये वेल्समधल्या टोनीपँडीच्या खाणकामगारांविरुद्ध गृहमंत्री म्हणून त्याने लंडनचे पोलीस आणि पाठोपाठ सैन्य पाठवलं. सैन्याला त्याने आधी वाटेत थांबवून धरलं होतं, हे वेल्समध्ये कुणी लक्षात ठेवलं नाही. २०१९ मध्ये मजूर पक्षाचे नेते जॉन मॅकडॉनेल यांना ‘चर्चिल नायक की खलनायक’ असं विचारलं तेव्हा त्यांनी टोनीपँडीचं नाव घेऊन ‘खलनायक’ म्हटलं, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचं नव्हे. अर्थमंत्री असताना १९२५ मध्ये त्याने पौंडाची किंमत पुन्हा सोन्याशी बांधली, त्याचे चटकेही कामगारांनाच बसले.

भारताच्या बाबतीतही त्याचा खाक्या सरळसोट नव्हता. जुलै १९२० मध्ये जालियनवाला बागेवर पार्लमेंटमध्ये चर्चा झाली तेव्हा युद्धमंत्री म्हणून त्याने डायरच्या कृत्याचा कडक धिक्कार केला. डायरला डोक्यावर घेणारे हुजूर पक्षाचे खासदार त्याच्यावर खवळले होते. अकरा वर्षांनी हाच माणूस व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढणाऱ्या गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून हिणवत होता. भारताला थोडीफार स्वायत्तता द्यायलाही त्याचा विरोध इतका टोकाचा की त्यापायी तो स्वतःच्या पक्षाच्या नेतृत्वापासून तुटला, आणि ही स्वायत्तता देणाऱ्या १९३५ च्या कायद्याविरुद्ध शेवटपर्यंत झुंजला. आज आपण ज्याला ‘त्या काळची विचारसरणी’ म्हणून सोडून देतो, ती त्या काळच्या बऱ्याच हुजुरांनाही जुनाट वाटत होती. हा बचाव मला त्यामुळेच कधी पटलेला नाही.

मग मे १९४०. फ्रान्स कोसळत होता. २६ ते २८ मे या तीन दिवसांत पाच जणांच्या युद्ध मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होता की मुसोलिनीमार्फत तडजोडीच्या अटी काय मिळतात ते तरी पाहू. फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेलं सैन्य परत येईल याची तेव्हा कुणालाच खात्री नव्हती. चर्चिल पंतप्रधान होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, पक्ष मनापासून त्याच्या पाठीशी नव्हता. त्याने आधीचा पंतप्रधान चेंबरलेनला सांभाळत, मजूर पक्षाच्या अॅटलीला बरोबर घेत, बाकीच्या मंत्र्यांची वेगळी बैठक बोलावून हॅलिफॅक्सचा मुद्दा हाणून पाडला. ब्रिटनने त्या आठवड्यात हात टेकले असते तर युरोपचं काय झालं असतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. त्याची थोरवी कुणी नाकारायला निघालं तर त्याने आधी या तीन दिवसांचा जबाब द्यावा.

गंमत म्हणजे ब्रिटिश मतदारांनी ही थोरवी आणि मत यांची गल्लत केली नाही. जर्मनी शरण येऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि जुलै १९४५ च्या निकालात मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. प्रचारात चर्चिलने, समाजवाद आणायचा तर हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं, गेस्टापोसारखं काहीतरी लागेल, असं म्हणून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. लोकांना घरं, दवाखाने आणि नोकऱ्या हव्या होत्या.

पराभवानंतर त्याने लेखणी उचलली. भूतकाळ इतिहासावर सोडावा, विशेषतः तो इतिहास मी स्वतःच लिहिणार असल्यामुळे, असं तो जानेवारी १९४८ मध्ये कॉमन्समध्ये म्हणाला होता. विनोद म्हणून सांगितलं जातं, पण तो कार्यक्रमच होता. त्याच वर्षापासून महायुद्धाचा त्याचा इतिहास सहा खंडांत येऊ लागला. मदतनिसांची फौज दिमतीला होती आणि सरकारी कागद इतरांच्या खूप आधी त्याच्या हाताशी होते. १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. पुढची वीसेक वर्षं महायुद्धाचा जो पट जगाच्या डोक्यात बसला तो बराचसा त्याने मांडलेला. या पटात बंगालच्या दुष्काळाला जवळपास जागा नाही.

आता त्या दुष्काळाकडे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपानी फौजा किनाऱ्यावर उतरल्या तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने पूर्व बंगालच्या किनारपट्टीवर दहापेक्षा जास्त माणसं नेणारी प्रत्येक होडी जप्त केली किंवा मोडली. जिथे बाजार, शेत, मासेमारी, सासर-माहेर सगळं पाण्यावरून, तिथे ही होडी गेली. ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं, भाताच्या पिकावर रोग पडला. इतर प्रांतांनी आपलं धान्य बाहेर जाऊ द्यायला नकार दिला. बंगालचं मंत्रिमंडळ आपसातल्या भांडणांत गुंतलेलं. साठेबाजांना सुगीच होती.

एक कारण आपल्याकडे कमी बोललं जातं, आणि ते मुंबईतून चालायचं. ब्रिटन युद्धासाठी भारतात माल घ्यायचा, पण त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवायचा. वापरता येणार ते युद्धानंतर. त्या कागदी जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापायची. नोटा वाढल्या, माल वाढला नाही, भाव भडकले. कलकत्त्याच्या गिरण्या, रेल्वे आणि युद्धकामावरच्या मजुरांना स्वस्त धान्य पुरवलं गेलं. खेड्यातल्या भूमिहीन मजुराच्या हातात मजुरी तीच आणि तांदूळ मात्र कित्येक पट महाग. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा हाच: धान्य असतानाही ते विकत घेण्याची ताकद संपली की माणसं मरतात. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडे भारताचं येणं सुमारे १३० कोटी पौंडांवर गेलं. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख पुढे ब्रेटन वूड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत या पैशांच्या प्रश्नावर भांडले. चर्चिलला मात्र, ज्यांना आपण वाचवतोय त्यांचंच कर्ज आपल्या डोक्यावर बसतंय, असं वाटून ते सतत खुपत राहिलं.

लंडनचा थेट हात जहाजांमध्ये दिसतो. जानेवारी १९४३ मध्ये चर्चिलने हिंदी महासागरातल्या जहाजांच्या फेऱ्या निम्म्याहून अधिक कमी करून अटलांटिककडे वळवल्या. तेव्हा जर्मन पाणबुड्यांनी कहर केला होता आणि ब्रिटनचे साठे घटत होते, हे खरं. पण याचा फटका कुणाला बसेल याचा इशाराही देण्यात आला होता. ४ ऑगस्टला भारतमंत्री लिओ अॅमरीने मंत्रिमंडळापुढे पाच लाख टन धान्याची मागणी ठेवली. नुसतं पोट भरायला नव्हे. बाहेरून धान्य येतंय म्हटल्यावर साठेबाजांचा धीर सुटेल आणि भाव उतरतील, असा हिशोब होता. पदरात पडलं ते मुख्यतः इराकमधल्या जवाचं आश्वासन. २२ ऑगस्टला ‘स्टेट्समन’चा संपादक इयन स्टीफन्सने कलकत्त्याच्या रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे दिल्ली आणि लंडन हादरलं. व्हाइसरॉय लिनलिथगो त्या काळात कलकत्त्याला गेलाच नाही. ऑक्टोबरमध्ये आलेला नवा व्हाइसरॉय वेव्हेल आठवड्याभरात तिथे पोचला आणि त्याने वाटपासाठी सैन्य उतरवलं.

चर्चिलच्या बाजूनेही पुरावा आहे. १९४३ च्या उत्तरार्धापासून ऑस्ट्रेलियाहून धान्य हळूहळू येऊ लागलं. कॅनडाचा गहू त्याने नाकारला तो अंतराचं कारण देऊन: तिथून जहाजाला दोन महिने लागणार, ऑस्ट्रेलियाहून तीन-चार आठवडे. २९ एप्रिल १९४४ ला त्याने अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टला स्वतः पत्र लिहून अमेरिकन जहाजं मागितली. त्या पत्रात मुंबईच्या स्फोटाचाही उल्लेख आहे. पंधरवड्यापूर्वी, १४ एप्रिलला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं होतं आणि गोदीतलं धान्य जळालं होतं. रूझवेल्टने नकार कळवला. याच पत्रात चर्चिलने बंगालच्या मृतांचा आकडा किमान सात लाख दिला. दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाने पुढे पंधरा लाख मानला, आणि नंतरचे अभ्यासक वीस ते तीस लाखांपर्यंत जातात.

ही सगळी माहिती आज सहज हाती लागते म्हणून ती नेहमीच होती असं वाटतं. ती टप्प्याटप्प्याने बाहेर आली, आणि वाद त्याच पावलांनी वाढला. भारतातल्या सत्तांतराचे ब्रिटिश सरकारी कागद १९७० पासून छापले जाऊ लागले. १९७३ मध्ये वेव्हेलची रोजनिशी प्रसिद्ध झाली. गांधीजींना प्रकृतीच्या कारणावरून मे १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सोडल्यानंतर, ते अजून मेले कसे नाहीत, अशी विचारणा करणारी चर्चिलची तार आल्याची नोंद तिच्यात आहे. १९८८ मध्ये अॅमरीच्या डायऱ्या आल्या. भारतीय लोक सशांसारखी पोरं काढतात अशा छापाची चर्चिलची वाक्यं आपल्याला ठाऊक आहेत ती मुख्यतः या डायऱ्यांमुळे. एकदा वैतागून अॅमरीने, भारताविषयीच्या त्याच्या दृष्टीत आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही, असंही लिहून ठेवलं. अॅमरी कुणी काँग्रेसवाला नव्हता. जन्म गोरखपूरचा, पण पक्का साम्राज्यवादी. चर्चिलचा हॅरो शाळेतला सोबती आणि त्याचाच मंत्री. फिर्यादीचे सगळ्यात जड साक्षीदार आरोपीच्याच घरातले निघाले.

आपल्याकडे २०१० नंतर ‘चर्चिलने तीस लाख मारले’ हे वाक्य चलनी झालं. शशी थरूर यांच्या भाषणांनी ते घरोघरी नेलं. मला ते अपुरं वाटतं. त्यात प्रांतिक सरकार, व्यापारी, धान्य अडवून बसलेले प्रांत सगळेच सुटतात. शिवाय त्याने हे मुद्दाम केलं का, या प्रश्नावर गाडी अडते, आणि मुद्दाम केल्याचा कागद नाही म्हटलं की बचाव पक्ष टाळ्या पिटतो. प्रश्न रांगेचा आहे. जहाजं कमी असताना कुणाची गरज आधी मोजायची हे तो ठरवत होता, आणि बंगाल प्रत्येक वेळी मागे ढकलला गेला. ज्यांच्याविषयी त्याला खासगीत तिटकारा होता, नेमके तेच मागे ढकलले गेले. २०१९ मध्ये आयआयटी गांधीनगरच्या विमल मिश्र आणि सहकाऱ्यांनी जमिनीतल्या ओलाव्याचा अभ्यास करून दाखवलं की १९४३ ला मातीत ओलाव्याचा तसा तुटवडा नव्हताच. तेव्हा ‘पाऊसच पडला नाही’ हा पडदाही उरला नाही.

त्याच युद्धात रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वखुशीने भरती झालेल्या पंचवीस लाख भारतीयांपैकी ते एक. ते युद्ध जिंकणं गरजेचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ब्रिटनमध्ये वाद थंडावलेला नाही. केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजमध्ये २०२१ मध्ये साम्राज्य आणि वंश या विषयावर चर्चासत्र झालं, त्यावर इतकं रान उठलं की पुढे तो उपक्रमच गुंडाळला गेला. २०२५ मध्ये सरकारने पार्लमेंट स्क्वेअरच्या पुतळ्यावर चढणं गुन्हा ठरवायचं जाहीर केलं. त्याच चौकात २०१५ पासून गांधीजींचाही पुतळा आहे.

कागदांचं काम मात्र पुतळ्यांकडे न बघता चालू आहे. वुडहेड आयोगापुढे झालेल्या साक्षी नष्ट करायचं ठरलं होतं. आयोगाचे एक सदस्य मणिलाल नानावटी यांनी आपली प्रत ठेवून दिली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि होड्या कुणाच्या हुकमाने मोडल्या, तांदूळ कुणी कुठे अडवला, हे शोधणारे अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.