पुटी भरल्याने गंज थांबत नाही
प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा घासून पुटी भरली की गंज थांबतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी चुकीचा आहे. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचलेले पाणी पत्रा आतून खाते. पुटीही ओलावा शोषते. शिवाय या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसल्यामुळे याच पट्ट्या भार पेलतात. म्हणून घरी काम करणाऱ्याने बॅटरी व पेट्रोलची टाकी काढून, दाराच्या चौकटीला तात्पुरता आडवा आधार देऊन, गंज निरोगी पत्र्यापर्यंत कापावा आणि नवा तुकडा वेल्डिंगचे सुटे टाके देत जोडावा, कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. शेवटी पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.