क्लोजनेस की बिटवीननेस: रस्त्यांच्या जाळ्याला कोणता प्रश्न विचारायचा?

शहराच्या रस्त्यांचं जाळं सॉफ्टवेअरमध्ये घातलं की दोन रंगीत नकाशे हाती येतात, एक क्लोजनेसचा आणि दुसरा बिटवीननेसचा. दोन्हींत मधले बरेचसे रस्ते लाल (म्हणजे आकडा मोठा) आणि कडेचे निळे (आकडा लहान) दिसतात. म्हणून मग अहवालात ‘हा रस्ता केंद्रीय आहे’ असं मोघम वाक्य येतं. पण केंद्रीय कशासाठी? तिथे पोहोचायला, की तिथून पुढे जायला?

क्लोजनेस पोहोचण्याबद्दल बोलतं: बाकीच्या रस्त्यांपासून हा रस्ता किती जवळ आहे? बिटवीननेस जाण्या-येण्याबद्दल: शहरातल्या प्रत्येक दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग काढला, तर त्यांतले किती मार्ग या रस्त्यावरून जातील? नदीवरचा पूल घ्या. दोन्ही काठांची सगळी ये-जा त्याच्यावरून, म्हणून बिटवीननेस प्रचंड. पण ४०० मीटरच्या परिघात पाणीच जास्त आणि रस्ते मोजकेच, म्हणून तेवढ्या टप्प्यातलं क्लोजनेस कमी. उलट, दाट वस्तीच्या मधोमध असलेली बंद गल्ली सगळ्यांना जवळ असते, तरी तिच्यातून पलीकडे कुणीच जात नाही. तिचं बिटवीननेस शून्य.

स्पेस सिंटॅक्सच्या परंपरेत, म्हणजे बिल हिलिअर आणि ज्युलिएन हॅन्सन यांनी शहराची रचना तपासायला लंडनमध्ये उभ्या केलेल्या पद्धतीत, याच जोडीला साधारणपणे अनुक्रमे ‘इंटिग्रेशन’ आणि ‘चॉइस’ म्हणतात. नावं बदलली तरी प्रश्न तेच राहतात. दुकान कुठे टाकावं, दवाखाना कुठे असावा, याला पहिलं माप जवळचं. पादचारी पट्टे कुठे हवेत, कोणता रस्ता बंद केला तर गावभर कोंडी होईल, याला दुसरं.

आता सेटिंग्ज. क्लोजनेसमधला सर्वांत मोठा खड्डा सूत्रातच आहे आणि तो सहसा कुणी दाखवून देत नाही. मूळ सूत्र म्हणजे सरासरी अंतराचा व्यस्त (१ भागिले सरासरी अंतर). संपूर्ण जाळ्यासाठी ते ठीक चालतं. पण ८०० मीटरची त्रिज्या लावली, म्हणजे तेवढ्या टप्प्यातलेच रस्ते मोजले, की गडबड होते. समजा मधल्या एका रस्त्याला या त्रिज्येत ४० रस्ते सापडले, सरासरी ५०० मीटरवर. टोकाच्या एका रस्त्याला फक्त ३ सापडले, पण २०० मीटरवर. जुन्या सूत्राने टोकाचा रस्ता जास्त ‘जवळचा’ ठरतो! कारण किती रस्ते हाताशी आहेत हे सूत्र विचारतच नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक अंतराचा व्यस्त काढून त्यांची बेरीज करायची (हार्मोनिक क्लोजनेस), किंवा सापडलेल्या रस्त्यांच्या संख्येच्या वर्गाला एकूण अंतराने भागायचं. दुसऱ्या रीतीने वरच्या उदाहरणात मधल्या रस्त्याला ०.०८ आणि टोकाच्या रस्त्याला ०.०१५ मिळतात. क्रम सरळ होतो. स्थानिक त्रिज्येवर साधं क्लोजनेस वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

बिटवीननेसची अडचण वेगळी. इथे ‘जवळचा मार्ग’ कसा ठरवला यावर सगळा निकाल फिरतो. मीटरमध्ये मोजलं तर सॉफ्टवेअर ८ काटकोनी वळणांच्या ६०० मीटरच्या गल्लीबोळातून माणसाला नेतं, शेजारचा सरळ रस्ता केवळ ४० मीटरने लांब असला तरी. खरा माणूस, विशेषतः भाग अनोळखी असेल तर, सहसा सरळ रस्ता धरतो. म्हणून कोनीय अंतर आलं: किती वळलात ते मोजायचं, काटकोनाला १ गुण धरायचा. चौकटीसारख्या जाळ्यात तर मीटरचं माप आणखी डळमळीत होतं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला तिथे कितीतरी मार्ग अगदी समान लांबीचे असतात, मग नकाशा रेखाटताना झालेली काही सेंटिमीटरची चूक ‘सर्वांत जवळचा’ मार्ग ठरवून टाकते. चुकीवर उभा असलेला लाल रंग खरा मानून योजना आखली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. क्लोजनेसला हा धक्का फारसा बसत नाही, कारण मार्ग बदलला तरी अंतर जवळपास तेवढंच राहतं.

इथे आणखी एक गल्लत होते. त्रिज्या आणि अंतराचा प्रकार या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. त्रिज्या सांगते किती दूरपर्यंत पाहायचं, अंतराचा प्रकार सांगतो मार्ग कसा निवडायचा. त्रिज्या मीटरमध्ये आणि मार्ग कोनाने, अशी सांगड पूर्णपणे चालते आणि पायी ये-जा तपासताना मी तीच घेतो. ८०० मीटर म्हणजे साधारण दहा मिनिटांची चाल. गाड्यांसाठी काही किलोमीटर हवेत. एकाच त्रिज्येवर थांबू नका. ४०० वर लाल असलेला रस्ता ५००० वर फिका पडला, तर तो मोहल्ल्याचा रस्ता आहे, शहराचा नाही, एवढं तरी कळतं.

कडेचा परिणाम दोन्ही मापांना छळतो. नकाशा पालिकेच्या हद्दीवर कापला की हद्दीजवळचे रस्ते खोटेच निळे होतात. अभ्यासक्षेत्राबाहेर किमान एका त्रिज्येइतकं जाळं घ्या, गणित करा आणि मग तो पट्टा काढून टाका.

ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून) माहिती घेतलीत तर दुभाजक असलेला रस्ता बहुधा दोन रेषांनी येतो. बिटवीननेस त्या दोघींत वाटलं जातं आणि मुख्य रस्ता अर्ध्या ताकदीचा दिसतो. वळणदार रस्ता बारीक तुकड्यांत कापलेला असेल तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र ठिकाण म्हणून मोजला जातो, क्लोजनेस उगाच फुगतं. तुकडे सांधा, किंवा लांबीनुसार वजन द्या.

शेवटी प्रत्यक्ष माणसांच्या मोजणीशी ताडून पाहताना बिटवीननेसचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. मोजक्या रस्त्यांकडे अवाढव्य आकडे आणि बाकीच्यांकडे जवळपास काहीच नाही, अशी त्यांची वाटणी असते. लॉगॅरिथम घ्या किंवा फक्त क्रमांकांची तुलना करा. आणि नकाशाखाली माप, सूत्र, त्रिज्या, अंतराचा प्रकार आणि बाहेर घेतलेला पट्टा या पाचही गोष्टी लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोच नकाशा पुन्हा काढता येईल.